फू क्वोक: आईबाबांना व्हिसा लागतो की नाही?

मंडळी, उद्या तिकिटं काढायची आहेत, म्हणून घाईत विचारते. आपण सिंगापूरहून थेट व्हिएतनामच्या फू क्वोक बेटावर चाललोय. आईबाबा मात्र मुंबईहून हो ची मिन्हला उतरून पुढे येणार. एजंट म्हणतो, बेटावर 30 दिवस व्हिसा नको. खरंय ना?
– मंजिरी

मंजिरी, अर्धंच खरं आहे. ती सूट फक्त फू क्वोकपुरती. वाटेत हो ची मिन्हला इमिग्रेशन ओलांडून बाहेर आलं की ती लागू नाही, आणि दोन वेगळी तिकिटं असली की बॅगा घ्यायला बाहेर यावंच लागतं. 25 डॉलर भरून ई-व्हिसा काढून ठेव. माझ्या सासऱ्यांना मुंबईला चेक-इनलाच अडवलं होतं. पाऊण तास उभे होते, हातात इन्सुलिनची पिशवी. आणि अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं भर. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये असतं, तेच नेमकं गळतं.
– सुनील

सुनील, माहिती बरोबर आहे, पण व्हिसाचे प्रश्न समितीकडे यायचे असं बैठकीत ठरलंय. दहा जणांनी दहा उत्तरं दिली की गोंधळ आमच्या गळ्यात पडतो. मंजिरी, दोघांच्या पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरली आहे ना, तेही बघ.
– अनघा, सहल समिती

व्हिसाचं होईल, जेवणाचं काय? फू क्वोक म्हणजे न्युओक मामचं, म्हणजे माशांच्या सॉसचं, माहेरघर. मोठमोठ्या लाकडी पिंपांत मासळी मिठात वर्षभर मुरवतात. भाजीतही तेच घालतात. नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, 'आन चाय', म्हणजे 'शाकाहारी जेवण', म्हणायचं. तिथले बौद्ध लोक पौर्णिमेला चाय जेवतात, पक्क्या चायमध्ये कांदा-लसूणसुद्धा नसतो. माझ्या आईने चार दिवस निर्धास्त जेवण केलं.
– मेधा

मेधाताई, न्युओक मामची बाटली कुणी केबिन बॅगेत घालू नका, विमानात नेऊ देत नाहीत. आणायचीच तर मिरी आणा. मी आणलेली डबा उघडला की अजून घमघमते.
– प्रसाद

अनघाताई, दोघांच्या मुदती 2031 पर्यंत आहेत. अर्ज आत्ताच भरला. बाबांचं मधलं नाव खरंच राहिलं होतं, सुनीलदादाची मेल वाचून दुरुस्त केलं. आता एकच विचारायचंय: शेजारच्या होन थोम बेटाची केबल कार जवळपास आठ किलोमीटर समुद्रावरून जाते, आईला उंचीची भीती वाटते. बोटीने जाता येतं का?
– मंजिरी