बेदाण्याच्या हंगामात हवा खरंच दमट होत चाललीय का? आकडे कसे तपासावेत?

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यातले बेदाणा शेडवाले हल्ली एकच सांगतात: फेब्रुवारी-मार्चची हवा पूर्वीसारखी कोरडी राहिली नाही, माल सुकायला वेळ लागतो, रंग काळपट येतो. यातलं खरं किती आणि 'आमच्या वेळी' किती, ते आकड्यांवरून बघायचंय.

नासा पॉवर या नासाच्या हवामान-आकड्यांच्या साइटवरून १९८१ पासूनची रोजची सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या वाफेपैकी किती टक्के वाफ आहे ते) उतरवून घेतलीय. वर्षाच्या सरासरीला इथे अर्थ नाही, पावसाळा सगळं झाकून टाकतो. म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल वेगळे काढले. अडलंय ते पुढे.

सापेक्ष आर्द्रता तापमानावर नाचते. दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं तो) १५ अंश धरला, तर २० अंशाला ती ७३ टक्क्यांच्या आसपास येते आणि ३५ अंशाला जेमतेम ३०. हवेतली वाफ तेवढीच! म्हणजे दुपारी उन्हाळा वाढला आणि वाफही वाढली, तर टक्का जागचा हलणारही नाही कदाचित. मग कल दवबिंदूचा काढावा, की दोन्हींचा? सुकण्याच्या दृष्टीने मला तर बाष्पदाबाची तूट (हवेत अजून किती वाफ मावू शकते त्याचं माप) जास्त बरोबर वाटते.

दुसरं, रोजच्या सरासरीत पहाट आणि दुपार एकत्र कालवली जाते. हवामान खातं सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचच्या नोंदी वेगळ्या देतं, ते मला पटतं. पण जवळची वेधशाळा सांगलीची, कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यातली. तिचा आकडा पूर्वेकडच्या माळाला लावायचा कसा?

खरी मेख सिंचनाची आहे. टेंभू-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचं पाणी आल्यापासून या भागात उन्हाळ्यातही हिरवं दिसतं. त्या पाण्याची वाफ हवेत जाणारच. नासा पॉवरचे आर्द्रतेचे आकडे मेरा-२ या नासाच्या हवामान मॉडेलवरून येतात, त्याची चौकट (जेवढ्या भागाला एकच आकडा मिळतो ती) साधारण ५०-६० किलोमीटरची, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्यात सिंचन धरलेलंच नाही. तसं असेल, तर जे शोधतोय ते या आकड्यांत दिसणारच नाही. ईआरए-५ या युरोपच्या तशाच मॉडेलमध्ये तापमान आणि दवबिंदू तासातासाचे मिळतात, चौकटही लहान. त्याकडे वळावं का?

पुण्याच्या हवामान खात्याकडून सांगली-सोलापूरच्या जुन्या नोंदी कुणी मागवल्या असतील, तर मधली गाळलेली वर्षं आणि बदललेली उपकरणं कशी हाताळली तेही सांगा. पायथॉन जुजबी येतं, एक्सेल बरं येतं.