मदत हवी आहे : ऑफिसमध्ये थेरपी डॉग आणायचाय, साताऱ्यात त्याची पारख कोण करेल?

सातारा एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात दिवसभर तक्रारींचे फोन घ्यावे लागतात. माणसं अक्षरशः पिळून निघतात. समुपदेशक ठेवला आहे, पण त्याच्या खोलीत जायला सगळेच कचरतात. म्हणून महिन्यातून एकदा थेरपी डॉग, म्हणजे माणसांचा ताण हलका व्हावा म्हणून त्यांना भेटवला जाणारा शांत स्वभावाचा कुत्रा, आणावा, असं ठरतंय. व्यवस्थापनाची परवानगी मिळाली आहे.

एका सहकाऱ्याची चार वर्षांची लॅब्रेडॉर कुत्री आहे. रेबीजसह सगळ्या लशी वेळेवर, नसबंदी झालेली, स्वभावाने शांत. पण घरी शांत असणं वेगळं आणि अनोळखी वीस हात अंगावर फिरत असताना शांत राहणं वेगळं. ती सारखी जांभया देऊ लागली, ओठ चाटू लागली, तोंड फिरवू लागली, तर तो ताण असतो. तिच्यावर जबरदस्ती मला नकोच आहे.

एकाला दमा आहे, एक ताई कुत्र्याला फार घाबरतात. त्यामुळे तळमजल्यावर स्वतंत्र खोली, आत जाणं पूर्ण ऐच्छिक, नंतर हात धुणं आणि खोलीची सफाई, एवढं नक्की केलंय.

इथल्या डॉक्टरांनी तब्येतीचा दाखला दिला, पण 'स्वभावाची चाचणी आम्ही करत नाही' म्हणाले. पुण्याहून प्रशिक्षित कुत्रा दर महिन्याला बोलावणं खर्चात बसत नाही. चाचणीसाठी तिला एकदा पुण्याला न्यायची मात्र तयारी आहे.

शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात अशी चाचणी होते का? नसेल, तर सातारा-सांगली-कराड भागात ती करणारा अनुभवी प्रशिक्षक कुणाला माहीत आहे का?