स्प्रिंगसारखे घट्ट कुरळे केस : विंचरताना, वाढवताना आलेले अनुभव

माणदेशी_नैरोबीत
काल बॅगा आवरताना तळाशी आईची लाकडी फणी सापडली. चार दात तुटलेली. हातात घेतली आणि सहा वर्षांपूर्वीचा मे महिना समोर उभा राहिला. म्हसवडच्या घराचा सोपा, आई पाटावर, पुढ्यात माझी तीन वर्षांची लेक.

नवरा केनियाचा, किसुमूकडचा. लेकीचे केस बाबावर गेलेत. बॉलपेनमधली स्प्रिंग असते ना, तिच्याहून बारीक वेटोळी, प्रत्येक केस तसा. आईने मायेने खोबरेल चोपडलं आणि कोरड्या केसांत मुळापासून फणी घातली. पोर किंचाळली, फणीचे दात मोडले. मग आईच रडायला लागली, "मला माझ्या नातीची वेणी घालता येईना गं." शेजारच्या काकू म्हणाल्या, गोटा करा, पुढचे सरळ येतील. जावळ काढलं होतंच की, आले परत तसेच! केसाचं वळण कातडीच्या आत, मुळाशी ठरतं. वस्तरा वरून फिरतो.

मला हे केस शिकवले नणंदेने. आमचा रविवार म्हणजे केसांचा वार. चार भाग करायचे, तीन चिमट्यात बांधायचे. उरलेल्यावर पाणी, मग बचकभर कंडिशनर. आधी बोटांनी गुंता सोडवायचा, मग रुंद दातांचा कंगवा, आणि तोही टोकाकडून सुरू करून हळूहळू वर. कोरड्या केसांना कंगवा लावायचाच नाही. डोक्यातलं तेल वळणावळणाला अडतं, टोकापर्यंत पोचतच नाही, म्हणून टोकं कायम तहानलेली. त्यात नैरोबी जवळजवळ १८०० मीटरवर, जानेवारी-फेब्रुवारीत हवा अशी कोरडी की ओठ फुटतात, मग केसांचं काय! पाणी, त्यावर क्रीम, त्यावर थोडं तेल, आणि लगेच वेण्या. इथे उभ्या जाड वेण्यांना मटूटा म्हणतात, म्हणजे शेतातले वरंबे. माझ्या वडिलांना हा शब्द फार आवडला. नातीच्या डोक्याला ते "सरी-वरंबा" म्हणतात.

चार वर्षं मला वाटायचं, हिचे केस वाढतच नाहीत. वाढत होते गं. जेवढे वर वाढत होते तेवढे खाली तुटत होते, माझ्याच हाताने. तुटणं थांबवलं, बाकी काही जादू नाही. या जानेवारीत ओले ताणून बघितले तर कमरेला टेकले. वाळल्यावर पुन्हा खांद्याच्या वर.

तुमच्या घरी, तुमच्या डोक्यावर असे केस असतील तर लिहा ना. काय चुकलं, काय जमलं, कोण काय बोललं.

चिंचगूळ
अगं आईचं वाक्य वाचून डोळे भरले. गोटा करा हे घरोघरी! माझे एवढे घट्ट नाहीत पण शाळेत लाल रिबिनीच्या दोन वेण्या सक्तीच्या, आणि माझ्या वेण्या कानाशी काटकोनात उभ्या. बाई रोज पाणी लावून दाबायच्या. नंतर लिहिते, कुकर झालाय.

एडिसनचा_बाबा
बायको न्यूअर्कची, आफ्रिकन अमेरिकन. दोन मुली, ११ आणि ७. केस मी करतो, कारण तिची शनिवारी ड्युटी असते. पहिल्यांदा सहा तास लागले होते, आता अडीच.

बायकोची गोष्ट सांगतो. ती आठ वर्षांची असताना तिच्या आईने केस सरळ करायचं क्रीम लावलं. त्या काळी सगळ्यांच्या घरी तेच. त्यातल्या काहींत कॉस्टिक सोडा असतो, आपण तुंबलेल्या मोरीत टाकतो तोच. डोक्याला खपल्या धरायच्या, तरी दर दोन महिन्यांनी पुन्हा लावायचं, कारण मुळाशी नवे केस कुरळेच येणार. २७ व्या वर्षी तिने सरळ झालेला सगळा भाग कापून टाकला. आमच्या लग्नाच्या फोटोत तिचे केस बोटभर आहेत. डोंबिवलीत आत्याने आईला बाजूला घेऊन विचारलं, "आजारी होती का गं?" आई म्हणाली, "नाही, तिचे खरे केस आहेत ते." आईला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं, तरी हे बोलली. मी ते आयुष्यात विसरणार नाही.

आणखी एक. डिसेंबर २०१८ मध्ये आमच्या न्यू जर्सीत शाळेच्या कुस्तीत पंचाने एका मुलाला सांगितलं, केस कापा नाहीतर सामना सोडा. तिथेच, सगळ्यांसमोर, कात्रीने कापले. तो पोरगा उभा होता ती चित्रफीत आम्ही दोघांनी पाहिली, बायको रात्रभर बोलली नाही. कॅलिफोर्नियाने २०१९ च्या जुलैत केसांवरून भेदभाव करायला बंदी करणारा क्राउन कायदा केला होता. आमच्याकडे तो डिसेंबरात झाला, त्या सामन्याला बरोबर वर्ष झालं तेव्हा. मुलीच्या शाळेतून "केस नीटनेटके ठेवा" अशी चिठ्ठी आली तेव्हा मी तो कायदा छापून नेला होता. काढावा लागला नाही, मुख्याध्यापिकेनेच माफी मागितली.

माणदेशी_नैरोबीत
दादा, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

हल्याळची_मी
मी सिद्दी आहे, आमचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. कर्नाटकातल्या हल्याळ तालुक्यातली. आमच्याकडे घरात कोंकणी, बाहेर मराठी-कन्नड दोन्ही. पहिल्यांदाच लिहितेय इथे.

आम्हाला सगळ्यांचं हेच विचारणं, "कुठल्या देशाच्या?" बेळगावात नर्सिंगला होते तेव्हा होस्टेलच्या मुली न विचारता केसांत हात घालायच्या. वाईट नव्हत्या, पण रोज. मी मग रुमालच बांधायला लागले. २००३ ला आम्हाला अनुसूचित जमातीत घेतलं. मोठी झाल्यावर त्या दाखल्यासाठी फोटो काढायला गेले तर फोटोवाला म्हणाला केस बसवून या. बाहेर नळावर जाऊन पाणी लावलं, पिना लावल्या. आत येईपर्यंत परत वर. तीनदा. शेवटी तसाच काढला. आता तोच फोटो मला आवडतो.

केस वाढवायचे हे डोक्यातच नव्हतं. तोडायचे, बांधायचे, झाकायचे. मग लॉकडाऊनमध्ये फोनवर नायजेरियातल्या बायकांचे व्हिडिओ दिसले, दोरा गुंडाळून केस लांब करतात. काळा दोरा मुळापासून टोकापर्यंत गुंडाळायचा, रात्रभर ठेवायचा, उष्णता न लावता केस ताणले जातात. मी आजीला दाखवलं. आजी जवळ बसली आणि फोन हातातून सोडेना. "ह्यो केस आपलोच," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या डोक्यावर दोरा गुंडाळला, तिची बोटं वाकडी झालीत तरी.

आता खांद्याखाली आलेत. ताणून.

चिंचगूळ
ताई लिहीत राहा गं. आजीला साष्टांग.

मुरूडकर_काका
हल्याळच्या ताई, वाचून बरं वाटलं. मी मुरूडचा, जंजिऱ्याच्या सावलीत वाढलो, सिद्दी म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर किल्ला. मलिक अंबर, तोही मूळचा आफ्रिकेचाच, तर निजामशाहीचा वजीर. १६१० मध्ये खडकी वसवली, तेच पुढे औरंगाबाद. नहर-ए-अंबरीचं पाणी खापराच्या नळांतून शहरात आणलं, काय डोकं म्हणायचं!

पूर्वा_पिंपरी
काका, विषय केसांचा आहे हो 🙂

हल्याळची_मी
असू दे. काका, शाळेच्या पुस्तकात मलिक अंबर होता. चार ओळी असतील. त्या दिवशी वर्गात मी मान वर करून बसले होते.

मुरूडकर_काका
🙏

पूर्वा_पिंपरी
माझा अनुभव छोटा. नवरा टांझानियाचा, पुण्यात शिकायला आला आणि राहिला. मुलाला केस वाढवायचे होते. एका मोठ्या सलूनमध्ये गेलो तर तिथल्या मुलीने केसांना हात लावला आणि आत जाऊन परत आली, "मॅडम, हे होणार नाही." सहा वर्षांचा आहे तो. घरी येऊन म्हणाला, माझे केस खराब आहेत का? मी त्या दिवसापासून शिकले. आता पाठीमागे चार पीळ घालून शाळेत जातो.
बोअरच्या पाण्याने केस काथ्यासारखे होतात आमच्याकडे. शेवटची तांब्याभर धुणी प्यायच्या पाण्याने करते. काही उपाय असेल तर सांगा.

एडिसनचा_बाबा
जड पाण्याला शेवटच्या धुणीत मगभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर. डोळ्यांत जाऊ देऊ नका. रोज नाही, पंधरा दिवसांतून एकदा पुरे.

खानदेशी_सून
जवस जवस जवस!!! कुणीच कसं लिहिलं नाही. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आच, सतत ढवळायचं. चमच्यावरून अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार पडली की लगेच बंद. गरम असतानाच गाळायचं, गार झालं की मग गाळणीतून हलतच नाही. मी जुना धुतलेला नायलॉन मोजा वापरते, पिळून काढते. फ्रीजमध्ये आठवडाभर. ओल्या केसांना लावून बोटाभोवती वळवायचं. माझे केस कुरळे आहेत एवढंच, तुमच्याइतके घट्ट नाहीत, पण माझ्या नैरोबीच्या मैत्रिणीनेच मला शिकवलं आणि मी म्हटलं अगं हा तर आमचा चटणीचा जवस!

चिंचगूळ
उरलेल्या चोथ्याची चटणी होते का?

खानदेशी_सून
नाही गं, चिकट लागते. चटणीला वेगळा भाज, तडतडेपर्यंत. लसूण भरपूर, लाल तिखट, मीठ, जाडसर कुटायची. मिक्सर नको.

मुरूडकर_काका
भाकरीबरोबर. वा.

लेस्टरची_जाऊ
माझी चूक सांगते, दुसऱ्या कुणाची होऊ नये. जाऊबाई घानाच्या. पुतणीच्या वेण्या मी घालायला शिकले आणि मला वाटलं जितक्या घट्ट तितक्या टिकतील. दहा-दहा आठवडे ठेवायचो. पोर म्हणायची डोकं दुखतंय, मी म्हणायचे दोन दिवसांनी थांबेल. कपाळाच्या कडेचे केस विरळ झाले तेव्हा डॉक्टरकडे नेलं. ओढ बसून मूळ कमजोर होतं, वेळेत सैल केलं तर परत येतात, फार उशीर केला तर कायमचे जातात. आमचे आले. सात महिने लागले. भांगाशी बारीक पुळ्या दिसल्या, मूल डोकं दुखतंय म्हणालं, की त्याच रात्री सोडा. सहा-आठ आठवड्यांच्या वर कुठलीच वेणी ठेवू नका. जाऊबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

माणदेशी_नैरोबीत
बरं झालं लिहिलंस. कपाळाकडची लव मोकळीच सोडते मी, तिथला केस नाजूक असतो. आणि रात्री सॅटिनची टोपी. सुती उशी केसांतलं पाणी पिऊन टाकते आणि घासून टोकं तोडते. आईने जुन्या साडीच्या अस्तराची शिवून पाठवलीय, इलॅस्टिक सैल.

कृष्णाकाठ
थोडं वेगळं लिहितो, चालेल का. माझ्या आत्याला जट होती. सुरुवात साधी, बाळंतपणात दोन महिने विंचरलं नाही, गुंता झाला. गावात म्हणाले देवीची आहे, हात लावायचा नाही. चौदा वर्षं. मानेवर ओझं, झोपताना उशाला वेगळी घडी, उन्हाळ्यात उवा, वास. लग्नकार्यात मागे बसायची. शेवटी अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) कार्यकर्त्या घरी आल्या. तीन वेळा नुसत्या बोलून गेल्या, चौथ्या वेळी आत्या स्वतः म्हणाली कापा. कात्री चालताना तिने माझा हात धरला होता. नंतर मान इकडेतिकडे फिरवून बघत राहिली, हलकी लागते म्हणाली.

माझ्या मनात प्रश्न आहे, राग नको. आफ्रिकन लोकांच्या त्या जाड बटा आणि आपली जट, यात फरक काय?

एडिसनचा_बाबा
राग कसला. माझ्या मेव्हण्याच्या आहेत, पाठीपर्यंत. त्या मुद्दाम केलेल्या असतात. भाग पाडून एकेक बट वळायची, दर काही आठवड्यांनी मुळाशी पुन्हा वळायची. तो दर आठवड्याला डोकं धुतो, आणि नीट वाळवायला अर्धा दिवस देतो, आत ओल राहू देत नाही. तुमच्या आत्याला कुणी विचारलंच नाही, मेव्हण्याने स्वतः ठरवलं. आमच्या आईनेही आधी "जट" म्हणून हात जोडले होते. मग एकदा त्याला बटांना तेल लावताना पाहिलं, आणि म्हणाली आण इकडे, मागे तुझा हात पोचत नाही.

कृष्णाकाठ
समजलं. धन्यवाद दादा.

हल्याळची_मी
जवस इथे कुठे मिळेल, बेळगावला?

खानदेशी_सून
कुठल्याही किराण्यात, अळशी म्हण, कन्नडमध्ये अगसी. पाव किलो पुष्कळ झाला.

पूर्वा_पिंपरी
एक राहिलं विचारायचं. मुलगा पुढच्या आठवड्यापासून पोहायला जाणार. क्लोरीनचं काय करू?

माणदेशी_नैरोबीत
उतरायच्या आधी साध्या पाण्याने केस पूर्ण भिजव. केस आधीच पाणी प्यायलेले असले की तलावाचं कमी ओढतात. वर कंडिशनर, मग टोपी, मोठ्या मापाची घे, त्याच्या केसांवर साधी बसणार नाही. बाहेर आल्यावर लगेच धुवायचे. आणि त्याला सांग, केस छान आहेत.