मदत हवी आहे: वस्तऱ्याची धार हाताला कळत नाहीये

नमस्कार मंडळी,

अण्णांच्या धोकटीतला वस्तरा गेल्या दिवाळीपासून माझ्याकडे आहे. पात्यावर झोलिंगेन या जर्मन गावाचं नाव कोरलंय, मुठीला बारीक तडा आहे. अण्णा तो निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर, लावायचे तेव्हा बघत नसत, ऐकत असत. आवाज बदलला की थांबायचे. तेव्हा मी विचारलं नाही आणि आता ते नाहीत.

माझ्याकडे १०००, ४००० आणि ८००० चे पाण्याचे दगड आहेत (आकडा मोठा तसा दगड बारीक), शेवटी चामोटी, म्हणजे चामड्याचा पट्टा. दगड काचेवर पॉलिशपेपर ठेवून सपाट करून घेतलेत. पाठ आणि धार दोन्ही टेकवूनच फिरवतो, कोन पाठीनेच ठरतो हे माहीत आहे. तरी टोकाकडची धार हातावरचे केस सहज उडवते, आणि मुठीकडची बोटभर धार केसांवरून नुसती घसरते. गालावर तिथेच ओढतं, मग दिवसभर आग होते.

१००० वरचं काम झालं हे तुमच्या हाताला कसं कळतं? "पन्नास हात मारा" हे उत्तर खूप ठिकाणी मिळालं, त्याने माझं भागत नाही.

प्रतिसाद:
दादा, आकडा विसरा. मी दुकानात तीस वर्षं वस्तरा लावलाय, हल्ली गिऱ्हाइकासमोर ब्लेड मोडून घालावं लागतं ते सोडा. धारेला दोन्ही बाजूंनी मार्करची शाई लावा आणि दोनच हात मारा. शाई राहील तिथे दगड पोचत नाही. मुठीजवळ पात्याला जाड खांदा असतो, तो दगडावर चढला की शेजारची धार उचलली जाते. खांदा दगडाबाहेर ठेवा आणि मुठीकडून टोकाकडे तिरका हात मारा.

दगडावर पाणी भरपूर ठेवा. धार पुढे सरकते तशी पाण्याची बारीक लाट तिच्यापुढे पळते. धार भिडली की ते पाणी पात्यावर चढतं, नाही तर खालून निसटतं. मुठीपासून टोकापर्यंत सारखं चढलं की १००० चं काम झालं. आवाजही खरखर सोडून एकसुरी होतो, अण्णा तोच ऐकत असणार. आणि दाबू नका. मऊ दगडांवर वस्तऱ्याचं स्वतःचं वजन पुरतं.

धागाकर्ता:
काका, शाई अगदी मुठीकडेच राहिली होती, खांदाच चढत होता! आज तासभर तिरके हात मारले. पाणी आता पूर्ण लांबीवर चढतंय, आणि ८००० वर पातं दगडाला हलकंसं चिकटल्यासारखं वाटलं. हे आधी कधीच जाणवलं नव्हतं.

चामोटीवर पाठ पुढे, धार मागे, आणि वळवायचा तो पाठीवरूनच, एवढं करतो. पण पट्टा किती ताणून धरायचा? सैल राहिला तर धार गोल होईल अशी भीती वाटते.