मदत हवी आहे : विंडोजवरचे फाइलचे पत्ते लिनक्सवर सापडत नाहीत

राजेहो, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातला. आमच्या शेतकरी गटासाठी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. कापूस, तुरीचं माप झालं की काट्याच्या पावतीचा फोटो साठवायचा आणि फाइलचा पत्ता डेटाबेसमध्ये लिहायचा, एवढंच काम. दोन हंगाम विंडोजवर नीट चाललं. जुना कॉम्प्युटर फार अडकू लागला म्हणून त्यावर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं, अन् एकही पावती उघडेना.

कारण समजलं. विंडोजला बॅकस्लॅश (\) म्हणजे फोल्डर वेगळे करणारी खूण. लिनक्सला ते नावातलंच एक अक्षर. म्हणून 'पावत्या\कापूस\१२' ही त्याच्या लेखी एकच लांब नावाची फाइल.

नव्या नोंदींसाठी पाथलिब, म्हणजे फाइलचे पत्ते हाताळणारी पायथनची लायब्ररी, वापरतो आहे. जुने पत्ते तिच्यातल्या प्युअरविंडोजपाथने (हे विंडोजचे पत्ते लिनक्सवरही वाचतं) वाचून, सुरुवातीचं 'डी:' हे ड्राइव्हचं नाव काढून, सरळ स्लॅशने (/) पुन्हा लिहायचा विचार आहे. मूळ फोल्डर सेटिंगमध्ये वेगळा ठेवीन. हे बरोबर आहे ना?

खरा घोर वेगळाच. पोरांनी फोल्डरची इंग्रजी नावं कधी मोठ्या, कधी लहान अक्षरांत टाइप केली. विंडोजला फरक पडला नाही, लिनक्सला पडतो. सगळी नावं एकदाच लहान अक्षरांत करताना दोन फाइली एकमेकींवर जाऊन एखादी पुसली तर? मापावरून वाद झाला तर शेतकऱ्याजवळ तेवढाच पुरावा असतो.

कोणी हे केलं असेल तर क्रम सांगा. दसऱ्यानंतर वेचणी सुरू होईल, त्याआधी उरकायचं आहे.