विश्लेषणात्मक कार्यपद्धती: व्यवस्थापनाने दिलेले कारण पुरावा म्हणून का चालत नाही?

नवशिका

नमस्कार. लेखापरीक्षणाच्या कामात मी नवीन आहे. एका कंपनीचा वेतनखर्च मागील वर्षी ८०० लाख होता, तो यंदा ८८८ लाख, म्हणजे ११ टक्क्यांनी अधिक आहे. आमच्या ठरलेल्या तक्त्यानुसार १० टक्क्यांहून अधिक फरक पडल्यास कारण विचारायचे असते, म्हणून मी व्यवस्थापनाला विचारले. सातव्या महिन्यापासून ६ टक्के वेतनवाढ दिली आणि २०० कर्मचाऱ्यांमध्ये शेवटच्या तिमाहीच्या सुरुवातीला २० जणांची भर पडली, असे उत्तर मिळाले. ते मी वर्किंग पेपरमध्ये (तपासाची नोंद ठेवण्याच्या कागदात) नोंदवले आणि ‘समाधानकारक’ असा शेरा लिहिला. वरिष्ठांनी ‘यात पुरावा कोठे आहे?’ एवढेच लिहून कागद परत पाठवला. ६ आणि १० मिळून १६ टक्के होतात आणि प्रत्यक्ष वाढ तर ११ टक्केच आहे. मग हे कारण अपुरे कसे?

तेरीज

तुमचा क्रम उलटा झाला आहे. तुम्ही आधी नोंदलेला आकडा पाहिला आणि मग त्याला साजेसे कारण शोधले. आयएसए ५२० या आंतरराष्ट्रीय लेखापरीक्षण मानकानुसार, खर्चाच्या रकमेबद्दल पुरावा म्हणून विश्लेषणात्मक कार्यपद्धती, म्हणजे आकड्यांच्या परस्परसंबंधांवरून रक्कम तपासण्याची पद्धत, वापरायची असेल, तर ती त्या बाबीला योग्य आहे का आणि आधारभूत माहिती कितपत विश्वासार्ह आहे हे तपासून लेखापरीक्षकाने स्वतः अपेक्षित आकडा मांडायचा असतो, आणि किती तफावत पुढील तपासाविना स्वीकारायची हेही ठरवायचे असते. तुमच्या कागदावर अपेक्षित आकडाच नाही.

आता हिशेब करून पाहा. वेतनवाढ अर्ध्या वर्षासाठीच लागू होती, म्हणून तिचा परिणाम ३ टक्के, म्हणजे २४ लाख. नवे २० जण तीनच महिने होते. सरासरी ४ लाख वार्षिक वेतन धरल्यास त्यांचे २० लाख. अपेक्षित खर्च ८४४ लाख येतो आणि ४४ लाखांचा फरक उरतो. जे कारण वाढीपेक्षा मोठे वाटत होते, ते तारखा लावल्यावर जेमतेम निम्म्या वाढीला पुरते.

जुना ताळा

पद्धत योग्य आहे, पण ३ टक्क्यांबाबत माझा आक्षेप आहे. मागील वर्षीही सातव्या महिन्यापासूनच ६ टक्के वाढ दिली असेल, तर ८०० लाखांच्या पायाभूत आकड्यात पहिले सहा महिने जुन्या दराचे आणि पुढचे सहा महिने वाढीव दराचे आहेत. यंदाचा पहिला सहामाही खर्चही मागील वर्षीच्या पहिल्या सहामाहीपेक्षा ६ टक्क्यांनी अधिक असणार, आणि दुसराही. म्हणजे पूर्ण वर्षाचा परिणाम ६ टक्के, ४८ लाख. तसे असल्यास अपेक्षित खर्च ८६८ लाख होईल. (ही चूक मी स्वतः दोनदा केली आहे, म्हणून ती चटकन दिसली.)

शिवाय कर्मचाऱ्यांची संख्या आणि रुजू होण्याच्या तारखा लेखा विभागाकडून घेऊ नयेत. ज्या विभागाचा आकडा तपासायचा, त्याच्याच माहितीवर अपेक्षा बेतली तर दोन्हीकडे एकच चूक येऊ शकते. मनुष्यबळ विभागाची यादी घ्यावी आणि तीतील काही नावे नेमणूकपत्रांशी पडताळावीत.

नवशिका

होय, मागील वर्षीही वाढ सातव्या महिन्यापासूनच आणि ६ टक्केच होती. म्हणजे आता २० लाखांचा फरक उरला. हा फरक ८८८ लाखांच्या सव्वादोन टक्क्यांच्या आसपास आहे. १० टक्क्यांच्या नियमानुसार तो सोडून देता येईल का?

रुजुवात

येथे तो नियम विसरावा. स्वीकारार्ह तफावत ही महत्त्वाच्या चुकीची मर्यादा आणि तुम्हाला हवी असलेली खात्री यांवरून ठरते, आणि जोखीम जितकी अधिक तितकी ती लहान ठेवावी लागते. ८०० लाखांच्या खर्चावर १० टक्के म्हणजे ८० लाख. तेवढी चूक तुमच्या एकंदर मर्यादेच्याही पलीकडे असू शकते.

या नियमाचा दुसरा दोष मला अधिक गंभीर वाटतो. वाढ ९ टक्के असती तर तुम्ही प्रश्नच विचारला नसता. वर्ल्डकॉम या अमेरिकी दूरसंचार कंपनीचे प्रकरण आठवून पाहा. दूरसंचार उद्योग मंदीत असताना त्या कंपनीचा लाइन खर्च (इतर कंपन्यांच्या जाळ्यांच्या वापरापोटी द्यायची रक्कम) महसुलाच्या सुमारे ४२ टक्क्यांवर स्थिर दिसत राहिला, कारण खर्चाचा मोठा भाग भांडवली मालमत्ता म्हणून नोंदवला जात होता. योग्य नोंदी केल्या असत्या तर ते प्रमाण बहुतेक वेळा ५० टक्क्यांच्या वर गेले असते. लेखापरीक्षकांनी केलेल्या तुलनेत मोठा चढउतार आढळला नाही आणि त्यावरून अधिक तपासाची गरज नाही असे मानले गेले. २००२ मध्ये प्रकरण उघड झाले. परिस्थिती बदलल्यावर प्रमाणही बदलायला हवे होते, ही अपेक्षा आधी मांडलेली असती, तर न बदललेला आकडाच सर्वांत मोठी तफावत ठरला असता.

अशा ठळक जोखमीच्या बाबींमध्ये, कंपनीच्या अंतर्गत नियंत्रणांवर भिस्त ठेवायची नसेल, तर केवळ विश्लेषण पुरत नाही. आयएसए ३३० हे मानक तेथे तपशिलांची चाचणीही, म्हणजे प्रत्यक्ष नोंदी कागदपत्रांशी पडताळणेही, मागते.

नवशिका

वरिष्ठांशी बोलून १५ लाखांची मर्यादा ठरवली आणि २० लाखांची चौकशी केली. मागील वर्षाच्या प्रोत्साहन भत्त्याचे १४ लाख यंदा दिले गेले आणि यंदाच्याच खर्चात नोंदले गेले, कारण मागील वर्षअखेरीस तरतूद केलेली नव्हती. मंजुरीचे पत्र आणि बँकेतील भरणा मी पाहिला आहे. उरलेले ६ लाख मर्यादेच्या आत आहेत. आता ‘तफावतीचा उलगडा झाला’ असे लिहिता येईल ना?

जुना ताळा

उलगडा झाला, पण काम संपले नाही. कारण सापडले म्हणजे नोंद बरोबर ठरली असे होत नाही. हे १४ लाख मागील वर्षाचे आहेत, म्हणून ती आढळलेली चूक आहे. तिची नोंद चुकांच्या यादीत करावी आणि मागील वर्षाच्या आकड्यांवर तिचा काय परिणाम होतो हे वरिष्ठांसमोर ठेवावे. तसेच यंदाच्या भत्त्याची तरतूद वर्षअखेरीस झाली आहे का, हे आजच तपासावे. झाली नसेल, तर एक चूक दुसरीला झाकत असल्यामुळे यंदाचा एकूण खर्च जवळजवळ बरोबर दिसेल आणि तुमच्या अपेक्षित आकड्याला त्याचा पत्ताही लागणार नाही.