हिंगुळाच्या डोंगरात एक दिवस

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेजवळ आई-बाबांना झेपेल अशी एक दिवसाची पायपीट कुठे करता येईल, असं कुणीतरी विचारलं आहे. अल्माडेन क्विकसिल्व्हर पार्क बघा की! आपण ज्याला हिंगूळ म्हणतो, त्या पारा असलेल्या लाल दगडाच्या खाणी इथे 1845 नंतर सुरू झाल्या. दगड भट्टीत भाजायचा, वाफ थंड केली की पारा हाती. गोल्ड रशच्या, म्हणजे सोन्यासाठी लोकांची इथे झुंबड उडाली त्या काळात सोनं वेगळं करायला हाच पारा लागायचा.

हॅसिएंडा फाटकापासून माइन हिल ट्रेलची सुरुवात जरा दम काढते, आई-बाबांना सावकाश चढू द्या. वर इंग्लिश कॅम्पमध्ये इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून आलेले खाणकामगार राहायचे. आता चार-दोन पडकी घरं उरलीत. सॅन क्रिस्टोबल बोगद्याच्या तोंडाशी थोडं आत जाता येतं, पुढे लोखंडी दार आहे. भर उन्हाळ्यात आतून येणारा गार झोत अंगावर घेऊन आमचे बाबा तिथून हलेचनात.

पाणी खालूनच भरून न्या, वर सावली कमी. पॉयझन ओक नावाच्या खाजऱ्या झुडपाला हात लावू नका (मी लावला होता, आठवडाभर खाजवत बसलो). आणि शेजारच्या जलाशयातले मासे खाऊ नका, पारा अजून त्यांच्यात उतरतो. तशा पाट्याच लावल्यात.